मों ब्लांच्या माथ्यावरील पहिलें पाऊल

आम्ही मों ब्लांच्या शिखरावर गेलों नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. आम्ही गेलों तें त्याच्या समोरच्या, दरीच्या अलीकडील ब्रेव्हां नांवाच्या डोंगरावर. आणि तेंहि पायीं नव्हे, तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यांत बसून. तेथें सुमारें अडीच हजार मीटर उंचीवर उभें राहिलें म्हणजे समोरचा तो धवलगिरि (मों ब्लां या फ्रेंच शब्दांचा अर्थ पांढरा डोंगर असाच आहे) पायथ्याच्या सूचिपर्णी रानापासून माथ्यावरील बर्फाच्या घुमटापर्यंत एका दृष्टींत मावतो. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. तिची तिप्पट केली, तर ती या शिखराहून थोडीशीच अधिक भरेल. माथाच बर्फाचा असल्यामुळें त्याची उंची स्थिर राहत नाहीं. २०२१ सालच्या मोजणींत ती ४,८०७ मीटरांहून किंचित् अधिक होती. २०२३ सालीं ती दोन मीटरांनीं उतरली. दर उन्हाळ्यांत हजारों माणसें तेथें जाण्यास निघतात. आमच्या शेजारच्या दुर्बिणींतून एक कुटुंब आळीपाळीनें वरच्या धारेवरील काळे ठिपके मोजीत होतें, आणि दर नव्या ठिपक्यागणिक त्यांतील धाकटें पोर टाळ्या पिटीत होतें.

आम्हांला मात्र आजचे यात्रेकरू पाहावयाचे नव्हते. ८ ऑगस्ट १७८६ या दिवशीं दोन माणसें ज्या वाटेनें प्रथम वर गेलीं, ती वाट आम्ही डोळ्यांनीं शोधीत होतों. त्या वाटेचें आमच्यावर एक जुनें देणें होतें.

वीसएक वर्षें आम्ही वर्गांत मुलांना त्या दिवसाची गोष्ट सांगत आलों. गोष्ट अशी: जाक बाल्मा नांवाचा एक गरीब स्फटिक शोधणारा गडी होता. त्यानें एकट्यानेंच शिखराची वाट शोधली. बरोबर साक्षीदार असावा म्हणून गांवच्या डॉक्टरला त्यानें सोबत घेतलें. पण डॉक्टरमहाशय अर्ध्या वाटेवर गारठून बर्फांत बसले. बाल्मा एकटाच माथ्यावर पोहोंचला, खालीं गांवांतल्या लोकांना त्यानें हॅट हलवून दाखविली, आणि मग दयाळूपणानें परत उतरून त्या डॉक्टरला ओढीत वर नेलें. या ठिकाणीं वर्ग हमखास हंसे. गरिबाचा जय आणि शहाण्याची फजिती या दोन गोष्टी एका कथेंत आल्या कीं मुलांना दुसरें कांहीं लागत नाहीं; आणि खरें सांगावयाचें, तर शिक्षकालाहि लागत नाहीं. एके वर्षीं मागच्या बांकावरून एका मुलानें विचारलें, "पण सर, खालून कोणी खरोखर पाहिलें होतें का?" आम्हीं त्याला कांहींतरी सांगून बसविलें. पाहिलें होतें, आणि लिहूनहि ठेविलें होतें, हें आम्हांस त्यानंतर पुष्कळ दिवसांनीं वाचावयास मिळालें. तोंवर तो मुलगा शाळा सोडून गेलेला होता.

प्रथम त्या काळची थोडी हकीकत देणें जरूर आहे. शामोनीच्या दरींतील लोक या बर्फाळ डोंगरांस पिढ्यान्पिढ्या शापित डोंगर म्हणत. हिमनद्या खालीं सरकत येऊन शेतें आणि वस्त्या गिळीत. म्हणून १६४४ सालीं गांवकऱ्यांनीं बिशपला बोलावून हिमनदीच्या तोंडाशीं मिरवणुकीनें नेलें आणि प्रार्थना करवून तिला मागें हटावयास सांगितलें. मुलूख साव्हॉयचा, राज्य सार्डिनियाच्या राजाचें; फ्रान्सकडे तो कायमचा गेला तो १८६० सालीं. १७४१ सालीं विंडम व पोकॉक हे दोन इंग्रज प्रवासी शस्त्रें बांधून या दरींत आले, हिमनदीवर उतरून परत गेले, आणि त्यांच्या वर्णनामुळें शामोनीचें नांव युरोपांत पसरलें. पण शिखराकडे जाण्याची भाषा कोणी काढली नाहीं. ती काढली १७६० सालीं जिनीव्हाहून आलेल्या वीस वर्षांच्या एका तरुणानें. त्याचें नांव ओरास बेनेदिक्त द सोस्यूर. हा पुढें जिनीव्हाच्या विद्यालयांत तत्त्वज्ञानाचा अध्यापक झाला, आणि आल्प्स पर्वतावर चार मोठे ग्रंथ लिहून भूगर्भशास्त्राच्या आद्य अभ्यासकांत गणला गेला. शिखराची वाट शोधून काढील त्यास आपण बक्षीस देऊं, असें त्यानें जाहीर केलें.

बक्षीस सव्वीस वर्षें तसेंच पडून राहिलें. याचें कारण चढ नव्हे. शामोनीचे शिकारी हरणांमागें याहून अवघड कडे चढत. पण शिखर इतकें दूर कीं, एका दिवसांत जाऊन परत येणें अशक्य. आणि बर्फावर उघड्यावर जो रात्र काढील तो सकाळ पाहणार नाहीं, अशी सर्वांची बालंबाल खात्री. उन्हांत बर्फ तापून डोकें भणभणे, विरळ हवेनें श्वास लागे. त्यालाहि लोक दरीतील कोंडलेल्या दूषित हवेचा परिणाम समजत. कित्येक तुकड्या गेल्या आणि परत आल्या. १७८५ सालीं खुद्द सोस्यूर निघाला, त्यालाहि गूटेच्या सुळक्यावरून मागें फिरावें लागलें.

ही रात्रीची भीति मोडली ती बाल्मानें, आणि तिचें श्रेय त्याच्यापासून कोणी घेऊं नये. जून १७८६ मध्यें वाटाड्यांच्या एका तुकडीमागोमाग तो गेला. बाकीचे परतले, त्यास वाटेंत रात्र झाली, आणि ती त्यानें एकट्यानें बर्फावर बसून काढली. सकाळीं तो जिवंत होता. आमच्या मतें मों ब्लांच्या इतिहासांतील निम्मी चढण त्या रात्रींच संपली. कारण त्यानंतर उरला तो केवळ वाटेचा आणि दमाचा प्रश्न.

वाटेचा प्रश्न दुसऱ्याच एका माणसानें सोडवीत आणला होता. मिशेल गाब्रिएल पाकार हा शामोनीच्या नोटरीचा मुलगा. १७५७ चा जन्म. तूरिनला वैद्यक शिकून गांवांत परत आलेला डॉक्टर. १७८३ पासून तो या शिखराच्या मागें होता. दुर्बिणीनें बर्फाचे उतार न्याहाळणें, कोठें भेगा आहेत आणि कोठें पूल आहेत यांची टांचणें ठेवणें, मधून मधून स्वतः जाऊन पाहणें, असा त्याचा क्रम होता. त्याला बक्षीस नको होतें. वायुभारमापक माथ्यावर नेऊन उंची मोजावयाची होती. ओझें वाहावयास आणि सोबतीला त्यानें बाल्माला घेतलें. एकाजवळ वाट आणि उपकरणें, दुसऱ्याजवळ रात्रीचा अनुभव आणि विलक्षण पाय. जोडी याहून नेटकी जुळती ना.

७ ऑगस्टच्या सायंकाळीं गाजावाजा न करतां दोघे निघाले. बोसों आणि ताकोना या दोन हिमनद्यांमध्यें एक लांब, रानानें झांकलेला डोंगरसोंडा आहे. त्याच्या टोंकावर त्यांनीं रात्र काढली. पहांटे चारच्या सुमारास ते बर्फावर उतरले. जवळ दोर नव्हता. बर्फांत पायऱ्या खोदण्याची कुऱ्हाड नव्हती. होत्या त्या लोखंडी टोंकाच्या दोन लांब काठ्या. हिमनद्या जेथें फुटून अलग होतात तेथें भेगांचें जाळें आहे. त्यांवरील बर्फाचे पूल पायाखालीं खचत, तेव्हां हातांतली काठी आडवी टाकून तिच्यावर अंग झोंकून द्यावयाचें, एवढाच उपाय. ब्रेव्हांवरून आम्हांला तो भाग निळसर चुरगळलेल्या कागदासारखा दिसत होता. त्याच्या वर एकामागून एक बर्फाची मैदानें. सर्वांत वरच्या मैदानावर मांडीइतकें भुसभुशीत बर्फ. त्यांतून वाट पाडीत, पुढें लाल खडकांच्या दोन ओळींमधील उभ्या उतारावरून, समोरून येणारा वारा तोंडावर घेत, दोघे वर सरकत राहिले. सायंकाळचे सहा वाजून तेवीस मिनिटें झालीं तेव्हां ते माथ्यावर होते. निघाल्यापासून चौदा तासांहून अधिक वेळ झाला होता. पाकारनें आपलीं उपकरणें वाचलीं. चौतीस मिनिटांनंतर ते उतरूं लागले. चंद्र होता, म्हणून वांचले. मध्यरात्रीच्या सुमारास बर्फाबाहेर पडले. सकाळीं पाकारचे डोळे बर्फाच्या तेजानें मिटलेले, आणि बाल्मा त्याला हाताशीं धरून गांवांत आणीत आहे, असें दृश्य लोकांनीं पाहिलें. बाल्मा घरीं पोहोंचला तों त्याची तान्ही मुलगी वारलेली होती.

हे तास आणि मिनिटें आम्हीं कोठून आणलीं, असा प्रश्न चोखंदळ वाचक विचारील. तो आमच्या मागच्या बांकावरच्या मुलाचाच प्रश्न आहे. त्या दिवशीं शामोनींत गेर्सडोर्फ नांवाचा एक सॅक्सन सरदार उतरला होता. निसर्गशास्त्राचा नादी, जवळ उत्तम दुर्बीण, आणि रोजनिशी लिहिण्याची जर्मन शिस्त. त्याचें पाकारशीं सख्य नव्हतें कीं बाल्माशीं वैर नव्हतें. त्यानें दुर्बिणीला डोळा लावून दोघांस पाहिलें, वेळा टिपल्या, डोंगराचें चित्र काढून त्यावर त्यांची वाट रेखाटली. त्या रोजनिशींत माथ्यावर पोहोंचतांना दोन माणसें आहेत. कोणी बर्फांत बसून राहिलेलें नाहीं, कोणी परत खालीं येऊन कोणाला ओढून नेलेलें नाहीं.

दुसरा कागद खुद्द बाल्माचा. १७८६ च्या ऑक्टोबरांत त्यानें साक्षीदारांसमक्ष सही केलेलें एक निवेदन आहे. तें पुढच्या वर्षीं लोझानच्या वृत्तपत्रांत छापलें गेलें. बर्फांत वाट पाडण्याचें काम डॉक्टरनेंहि केलें, आणि शेवटच्या चढावर त्याला गांठण्यास आपणांस धांवावें लागलें, अशा आशयाचा मजकूर त्यांत आहे. हें निवेदन पाकारच्या बाजूनें पुढें आलेलें, म्हणून एकट्यानें तें पुरेसें मानूं नये, असें कोणी म्हटल्यास आमची हरकत नाहीं. पण तिऱ्हाइताची रोजनिशी आणि प्रतिपक्षाची सही हीं दोन्ही एकच सांगूं लागलीं म्हणजे न्यायाधीशाला तिसरा साक्षीदार सहसा लागत नाहीं.

मग ती हॅट हलविण्याची गोष्ट आली कोठून? तिचें बीं त्याच वर्षीं पेरलें गेलें होतें. जिनीव्हाच्या मुख्य देवळांतील गायकांचा प्रमुख मार्क थेओदोर बूरी हा चित्रकार आणि आल्प्सचा वर्णनकार होता. शिखरावर जाण्याचे प्रयत्न त्यानें वर्षानुवर्षें केले, आणि प्रत्येक वेळीं थंडी किंवा पाऊस किंवा भीति आडवी आली. जें आपल्याला साधलें नाहीं तें खेड्यांतल्या एका डॉक्टरनें साधावें, हें त्याला सोसलें नाहीं असें दिसतें. गरीब बाल्मा त्याच्या पंक्तीचा नव्हता, म्हणून त्याचा मत्सर करण्याचें कारण नव्हतें. पाकार लिहिणारा होता, त्यानें आपल्या आरोहणाच्या पुस्तकाची वर्गणीपत्रिकाहि काढली होती. सप्टेंबर १७८६ मध्यें बूरीनें एक पत्र छापून प्रसिद्ध केलें. त्यांत सारें कर्तृत्व बाल्माचें आणि डॉक्टर म्हणजे त्याच्या मागें फरपटत गेलेलें ओझें. पत्र हातोहात गेलें. पाकारचें पुस्तक कधींच निघालें नाहीं. त्याचें हस्तलिखित आजतागायत सांपडलेलें नाहीं.

सोस्यूरचें बक्षीस बाल्माला मिळालें, आणि सार्डिनियाच्या राजानें त्याच्या नांवापुढें मों ब्लां हें बिरुद लावून दिलें. पुढच्या वर्षीं, ३ ऑगस्ट १७८७ रोजीं, सोस्यूर स्वतः अठरा वाटाडे आणि एक नोकर घेऊन माथ्यावर गेला. वाटाड्यांत बाल्मा होताच. सत्तावीस वर्षें ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, तेव्हां त्याला आनंद झाला नाहीं. इतका शीण आला होता कीं, पायाखालचें बर्फ त्यानें रागानें तुडविलें, असें तो स्वतःच प्रांजळपणें लिहितो. मग साडेचार तास तेथें बसून त्यानें पाणी किती उष्णतेवर उकळतें तें पाहिलें, वायुभारमापक वाचला, आणि निळ्या रंगाच्या सोळा छटांचे कागद आकाशाशीं लावून त्याचा निळेपणा मोजला. त्याच्या गणितानें शिखराची उंची आली ती आजच्या मापाहून अवघी तीसएक मीटर कमी. खालीं शामोनींत त्याची पत्नी दुर्बिणींतून पाहत होती. सोस्यूरच्या ग्रंथांमुळें मों ब्लांचें नांव जगभर झालें. त्या प्रकाशांत सोस्यूर दिसला, त्याचा वाटाड्या बाल्मा दिसला, आणि गांवचा डॉक्टर अंधारांत राहिला.

पाकार १८२७ सालीं वारला. पांच वर्षांनीं, १८३२ मध्यें, कादंबरीकार अलेक्झांडर ड्यूमा शामोनीस आला. त्यानें सत्तर वर्षांच्या बाल्माला जेवावयास बोलाविलें, चांगलें मद्य पुढें ठेविलें, आणि त्याच्या तोंडून त्या दिवसाची हकीकत ऐकली. ती त्याच्या प्रवासवर्णनांत छापली गेली. आमची वर्गांतली गोष्ट ती हीच. बूरीच्या पत्रांत जें बीज होतें त्याचा येथें वृक्ष झाला. डॉक्टर रडतो, बसकण मारतो, मुलासारखा ओढला जातो. बाल्मा एकटा माथ्यावर उभा राहून आपल्या पायाखालीं सारें जग पाहतो. ड्यूमाच्या लेखणीचा गुण असा कीं, वाचतांना थंडी वाजते. आम्हीं ती दोनदां वाचली आहे, आणि खोटी आहे हें माहीत असूनहि दुसऱ्यांदा तितकीच रमून वाचली.

म्हातारा जाणूनबुजून खोटें बोलला काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. शेचाळीस वर्षें ज्यानें एकच गोष्ट प्रवाशांना सांगितली आहे, जी ऐकून लोक पैसे देतात आणि न ऐकवली तर हिरमुसतात, त्याच्या मनांत मूळ दिवस आणि सांगितलेला दिवस यांची सरमिसळ होणें स्वाभाविक आहे. प्रतिवादी मेला होता. श्रोता युरोपांतला नामांकित कथालेखक होता. आणि बाल्मा अखेरपर्यंत दरिद्रीच होता. दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, सोन्याचा शोध करीत सिक्स्टच्या बाजूच्या डोंगरांत गेला तो कड्यावरून पडला, आणि त्याचें प्रेतहि मिळालें नाहीं. हें चित्र डोळ्यांसमोर आलें म्हणजे त्याच्यावर रागावणें कठीण जातें. आमचा राग आहे तो आमच्यासारख्या पढिकांवर, ज्यांनीं बखर हातीं आली म्हणून दप्तर उघडलेंच नाहीं.

मराठी वाचकाला या प्रकरणाचें नवल वाटूं नये. सिंहगडच्या कड्यावर घोरपड चढविली ती पोवाड्यानें. सभासदाच्या बखरींत घोरपड नाहीं, कडा चढून जाणारे मावळे आहेत. सभासदानें लिहिलें तें त्या रात्रीनंतर पांचवीस वर्षांनीं. पुढच्या पिढ्यांनीं गातां गातां त्यांत प्राणी, पेटी आणि शकुन घातले. घोरपडीनें तानाजीची थोरवी कमी होत नाहीं, म्हणून तें चालून गेलें. राजवाड्यांनीं समकालीन अस्सल कागदाला जें वजन दिलें, तें कित्येकांस त्या वेळीं रुक्षपणाचें वाटलें. गोष्टीची लज्जत गेली असें म्हणणारे तेव्हांहि होते, आजहि आहेत. पण शामोनीच्या गोष्टींत लज्जत वाढविण्यासाठीं एका जिवंत माणसाची अब्रू खर्ची पडली, आणि ती भरून येण्यास दोनशें वर्षें लागलीं.

१८८७ सालीं शामोनीच्या मध्यावर, आर्व्ह नदीच्या पुलाजवळ, सोस्यूर आणि बाल्मा यांचा जोडपुतळा उभारला गेला. बाल्मा हात उंचावून शिखर दाखवीत आहे, सोस्यूर मान वर करून पाहत आहे. शताब्दी सोस्यूरच्या आरोहणाची होती, मग पाकारचा तेथें संबंध काय, असा बचाव करतां येतो. पण त्याच्या आदल्या वर्षीं खऱ्या पहिल्या आरोहणाची शताब्दी येऊन गेली होती, तेव्हां पाकारचा पुतळा उभा राहिला नाहीं. गेर्सडोर्फची रोजनिशी तोंवर गेर्लिट्झ येथें शांतपणें पडून होती. अभ्यासक तिच्यापर्यंत गेले, आणि मग चक्र उलटें फिरलें. १९१३ सालीं हाइनरिख ड्यूबी या स्विस पंडितानें पाकार विरुद्ध बाल्मा असा सरळ दाव्याच्या थाटाचा ग्रंथ लिहिला. १९२० सालीं डग्लस फ्रेशफील्डनें सोस्यूरचें चरित्र लिहितांना त्याच कागदांचा आधार घेतला. १९५७ सालीं ब्राऊन व द बीर या दोघांनीं सारे पुरावे एकत्र छापून निकाल दिला. पाकारचा पुतळा शामोनींत उभा राहिला तो १९८६ सालीं.

श्रेयाच्या या हिशेबांत बायकांचीहि एक नोंद आहे, आणि ती आम्हांस फार आवडते. १८०८ सालीं मारी पारादी नांवाची शामोनीची एक मोलकरीण बाल्माबरोबर माथ्यावर गेली. तिला निम्मी वाट ओढून न्यावें लागलें, हें तिनें कधीं लपविलें नाहीं. पुढें ती प्रवाशांना खाद्यपेय विकून त्या कीर्तीवर चार पैसे मिळवी. तीस वर्षांनीं, १८३८ मध्यें, आंरिएत दांजव्हील ही चव्वेचाळीस वर्षांची सरदारघराण्यांतील अविवाहित बाई स्वतःच्या पायांनीं तेथें गेली, आणि माथ्यावर वाटाड्यांनीं तिला खांद्यांवर उचलून शिखराहूनहि उंच केलें. परतल्यावर झालेल्या मेजवानीस मारी पारादीला मानानें बोलावणें गेलें. पहिली कोण, हा वाद दोघींत झाल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

कागद दडविण्यांत माणसें कुशल असलीं, तरी या डोंगराला स्वतःचें एक दप्तर आहे, आणि तें तो आपल्या वेळेला उघडतो. १८२० सालीं हामेल नांवाच्या रशियन दरबारच्या शास्त्रज्ञाची तुकडी वर जात असतां बर्फाचा कडा सुटून तीन वाटाडे भेगेंत गाडले गेले. हिमनदीची गति मोजणाऱ्या फोर्ब्स या शास्त्रज्ञानें भाकीत केलें कीं, सुमारें चाळीस वर्षांनीं तीं प्रेतें खालच्या टोंकाला निघतील. १८६१ सालीं बोसों हिमनदीच्या पायथ्याशीं तीं खरोखरच निघूं लागलीं, आणि त्या अपघातांतून वांचलेल्या एका म्हाताऱ्या वाटाड्यानें आपल्या तरुण सोबत्यांचे अवशेष ओळखले. सोबती तितकेच तरुण राहिले होते. म्हातारा झाला होता तो एकटा.

त्याच हिमनदीवर आपलाहि एक शोक गाडलेला आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजीं मुंबईहून लंडनला निघालेलें एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' विमान या पर्वतावर आदळलें व अठ्ठेचाळीस माणसें गेलीं. मदतीस धांवलेला रने पायो हा वाटाड्या भेगेंत पडून मेला. २४ जानेवारी १९६६ रोजीं 'कांचनजंगा' हें दुसरें विमान जवळ जवळ तेथेंच कोसळलें. एकशें सतरा माणसांत होमी भाभा होते. त्या अपघाताभोंवतींहि कटाच्या कथा उठल्या, अजून उठतात. शेवटच्या घटकेचा साक्षीदार जेथें नसतो तेथें कथेला अडवावयास कोणी नसतें. हिमनदी मात्र आपल्या चालीनें एकेक वस्तु खालीं आणीत आहे. २०१२ सालीं परराष्ट्र मंत्रालयाच्या नांवाची टपालाची थैली निघाली. २०२० सालीं भारतीय वृत्तपत्रांचे अंक निघाले. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी त्यांत वाचतां येत होती. चौपन्न वर्षें बर्फांत राहिलेला कागद वाचतां येतो, आणि पाकारनें स्वतःच्या घरांत बसून लिहिलेला कागद मिळत नाहीं, या विचारानें आम्ही ब्रेव्हांच्या कठड्याशीं बराच वेळ अस्वस्थ उभे होतों.

पाकार व बाल्मा गेले ती वाट आज यात्रेकरूंची नाहीं. हामेलच्या अपघातानंतर ती मागें पडली, आणि आतां बहुतेक लोक गूटेच्या बाजूनें जातात. आगगाडी २,३७२ मीटरांपर्यंत सोडते. पुढें दगड कोसळणारी एक घळ धांवत ओलांडावी लागते. ३,८३५ मीटरांवर १२० माणसांचा निवारा आहे. गर्दी इतकी झाली कीं, २०१९ पासून निवाऱ्यांत आगाऊ जागा राखून ठेवल्यावांचून त्या वाटेनें जाऊं देत नाहींत. जिथें रात्र काढणें म्हणजे मरण होतें, तेथें रात्र काढण्याची आतां चिठ्ठी लागते.

सायंकाळीं आम्ही खालीं उतरलों आणि पुलाजवळ गेलों. जोडपुतळ्याखालीं छायाचित्रें काढणारांची रीघ होती. बाल्माच्या बोटाच्या दिशेला माना आपोआप वळत होत्या. थोड्याच अंतरावर पाकार एकटा बसला आहे. त्याच्याजवळ एक बाई मुलाच्या हातांतील वितळणारा बर्फगोळा पुसण्यांत गुंतली होती. आम्हीं घड्याळ पाहिलें. सहा वाजून तेवीस मिनिटांपर्यंत थांबावयाचें असें ठरविलें होतें. पण उन्हाळ्यांत तेथील घड्याळें पुढें केलेलीं असतात, म्हणून ती वेळ ही वेळ नव्हे, हें ध्यानांत आलें आणि आम्ही आणखी तास-दीड तास तेथेंच बसून राहिलों. दरींत सांवली उतरली, दुकानांतले दिवे लागले. माथ्यावर अजून ऊन होतें.